सासूबाईंचं फाटकाबाहेरचं जेवण

माझ्या सासूबाईंची प्रार्थना ऐकायला माणसं आकुर्डीहून चालत येत. ही बढाई नाही, तक्रार आहे. कारण आलेल्या प्रत्येकाला चहा मला करावा लागे.

सुभद्राबाई त्यांचं नाव. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, शेवगावकडच्या. नवरा ऐन तारुण्यात गेला, तेव्हा पदरात एकच मुलगा, सोनबा. तेच माझे यजमान. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला, तिथे यांना पंचावन्न साली काम लागलं आणि आम्ही तिघं चिंचवडला स्टेशनजवळ दोन खोल्यांत येऊन राहिलो. आमच्यासारखी ख्रिस्ती घरं त्या भागात तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. उपासनेला जागा नव्हती. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मोपदेशक, महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून गाडीने येत, आमच्या बाहेरच्या खोलीत प्रभुभोजन देत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. मधल्या दर शुक्रवारी त्याच खोलीत आमची आम्हीच प्रार्थनासभा करायचो.

सभेची पद्धत ठरलेली होती. आधी गायन, मग एकेकाने आपली विनंती सांगायची. कुणाचा मुलगा परीक्षेला बसलाय, कुणाच्या म्हशीनं दूध द्यायचं सोडलंय, कुणाचा फोरमन छळतोय. शेवटी सासूबाई उभ्या राहायच्या आणि त्या सगळ्या विनंत्या देवापुढे मांडायच्या. एकही विसरायच्या नाहीत. माणसाचं नाव, गाव, कुठल्या खात्यात काम, दुखणं डाव्या गुडघ्यात की उजव्या, सगळं यायचं. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणे. एकदा यांना म्हटलं, "आत्याबाई देवाला पत्ता इतका नीट सांगतात की त्यानं पोस्टमन पाठवला तरी चुकायचा नाही." हे हसले आणि मग आई ऐकत नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. मी नगरच्या बोर्डिंगात शिकलेली, सातवीची फायनल पास. सासूबाईंना अक्षरओळख नाही. पण सभेत मान त्यांना. त्यांचा आवाज भरदार होता, योग्य जागी तो कापायचा, योग्य जागी डोळ्यांत पाणी यायचं आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. सासूबाईंना ते कळायचं. कुणी म्हणालं, "मावशी, आज अगदी स्वर्ग उघडला बघा," की त्या मान खाली घालून म्हणायच्या, "माझं काय हाय त्यात, समदं त्याचं." पण तो सगळा दिवस त्यांचा जीव खुशीत असायचा.

आमच्याच चाळीत शालनबाई राहायची, आमच्याच मंडळीतली. तिशीची, बारीक अंगाची, कामाला वाघीण. कारखान्यात लांबून आलेली एकटी माणसं पुष्कळ होती. त्यातल्या चौदा जणांना ती डबे करून द्यायची. माणसं सकाळी शिफ्टला जाताना तिच्या दारातून आपापला डबा उचलायची आणि संध्याकाळी रिकामा ठेवून जायची. तिचा नवरा ज्योतीराम परगावी बांधकामावर आहे असं ती सांगे. दर महिन्याला ती अंडी, दूध असं काही बांधून घेऊन त्याला भेटायला जाई आणि मुकाट परत येई.

एका दुपारी ती सासूबाईंकडे आली. मला तिनं पाणी आणायला पाठवलं, म्हणजे मी तिथे नको होते. मी अर्थातच दाराआड उभी राहिले. ज्योतीराम बांधकामावर नव्हता. आठ महिने तो क्षयाच्या दवाखान्यात पडून होता. "मावशी," ती म्हणाली, "कुणाला सांगितलं न्हाई मी. हे डबे हायेत म्हणून खोली हाय, आन खोली हाय म्हणून त्यांच्यापर्यंत जाती-येती मी. तुम्ही तेवढी त्यांच्यासाठी प्रार्थना करा." सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचा शुक्रवार नाताळानंतरचा, सत्तावन्न सालातला पहिला. थंडी होती तरी खोली भरल्यामुळे दार उघडं ठेवलं होतं. बाहेर ओट्यावर कोंडाजी बसला होता. तो आमच्यातला नव्हता. बीडकडचा गडी, यांच्याच खात्यातला, शिफ्ट बदलून घ्यायचं बोलायला आलेला. सभा संपेपर्यंत थांबतो म्हणाला. शालनबाईच्या चौदा गिऱ्हाइकांतला तो एक, आणि बाकीच्यांत त्याचा शब्द चाले.

सासूबाई उभ्या राहिल्या. म्हैस झाली, फोरमन झाला. मग आवाज खाली आला, आणि मी डोळे उघडले.

"हे बापा, ही तुजी लेक शालन. चौदा जणांच्या भाकरी बडवती. धनी बांधकामावर गेलाय म्हणून लोकांना सांगती, पर तुला ठावं हाय, बापा, ज्योतीराम आठ म्हैने क्षयाच्या दवाखान्यात पडलाय. त्याच्या छातीवर तुजा हात ठेव..."

शालनबाईनं डोळे उघडले. प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नसतात. माझे उघडेच होते म्हणून मला दिसलं. तिनं आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. कोंडाजी ओट्यावरून उठून गेला होता. खोलीतल्या बायका हुंदके देत होत्या. सासूबाईंच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं.

शनिवारी सकाळी चौदा डबे शालनबाईच्या दारात मांडलेले होते. तीन उचलले गेले, तेही ज्यांच्या कानावर अजून गेलं नव्हतं त्यांचे. सोमवारी एकही नाही. हे कोंडाजीला बोलले, की अरे, तो माणूस घरात नाही, आठ महिने या चाळीत पाऊल नाही त्याचं. कोंडाजी म्हणाला, "माझा थोरला भाऊ त्याच रोगानं गेला, सोनबाराव. मी त्याच्या ताटात जेवलेला माणूस हाय. मला भ्या वाटतं, काय करू?" त्याला तरी काय म्हणणार?

सासूबाई मात्र म्हणाल्या, "मी देवापुढं बोलले. माणसांपुढं न्हाई."

शालनबाई सभेला यायची बंद झाली. दोन शुक्रवार गेले, आणि तिसऱ्या शुक्रवारी सासूबाईंनी काय करावं? भर सभेत प्रार्थना केली की प्रभो, आमच्या शालनचं मन कठीण झालंय, ते मऊ कर. लोक उठून गेल्यावर माझा तोल गेला. हातातली किटली मी आपटलीच.

"आत्याबाई, तुम्ही देवाशी बोलता की आमच्याशी? देवाला ज्योतीराम कुठं आहे ते ठाऊक नव्हतं? तुम्ही सांगितल्यावर कळलं त्याला? तिचा सत्यानाश केलात आणि वर तिचंच मन कठीण!"

सुनेनं सासूला असं बोलायची तेव्हा रीत नव्हती, आजही नसेल. हे तर उठून बाहेरच गेले. मला वाटलं आता माझी माहेरची गाडी ठरली. पण सासूबाई जमिनीवर बसल्या त्या बसल्याच. मग म्हणाल्या, "कप तेवढे उचल." बस्स, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची प्रार्थना बंद पडली. जेवणाआधीची दोन वाक्यंसुद्धा सोनबालाच म्हणायला लावत. शुक्रवारी सगळ्यांनी आग्रह केला तर म्हणाल्या, "मला जमायचं न्हाई." आकुर्डीची माणसं हिरमुसून परत गेली. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब आले. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट सासूबाईंपुढे आलं तेव्हा त्यांनी ते हात न लावता माझ्याकडे सरकवलं. आमच्यात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुणाशी तरी वाकडं आहे आणि ते मिटल्याशिवाय मी यात हात घालणार नाही, असं त्या सगळ्या मंडळीपुढे, तोंडातून शब्द न काढता, बोलल्या. चाळीस वर्षांत त्यांनी ते ताट कधी चुकवलं नव्हतं. पाळकसाहेबांनी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "आधी घरचं निस्तरते, साहेब."

त्याच संध्याकाळी त्या शालनबाईकडे गेल्या. मी सोबत गेले. भांडण झालं तर कुणाची बाजू घ्यायची हे मी ठरवलेलं नव्हतं. शालनबाई तोवर बांधकामावर घमेली उचलायला जायला लागली होती. हात सोलले होते. दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"चुकलं माझं, शालन," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, चुकलं." शालनबाईचा आवाज अगदी थंड होता. "आता तुमी चुकलं म्हणून माझे डबे परत येणार हायेत का? खोलीचा मालक म्हणतो, पाडव्यापर्यंत बघतो, मग जागा सोड. मावशी, माजं एक ऐका. माजं नाव आता कुणापुढं घ्यायचं न्हाई. माणसापुढं न्हाई, देवापुढं न्हाई. लोकांना समजावत बी हिंडू नका. तुमच्या तोंडात माजं नाव नको."

आणि दार लावलं.

मला वाटलं, झालं, मिटलं प्रकरण. माफी मागितली, बाई ऐकत नाही, आपण काय करणार. माझा स्वभाव असा की मी एवढ्यावर सोडून दिलं असतं. सासूबाईंनी नाही सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर त्या चुलीशेजारी भिंतीला टेकून बसलेल्या. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, हात मांडीवर उताणे. मला वाटलं बसल्या बसल्या डोळा लागला. रोज तसंच दिसायला लागलं तेव्हा विचारलं, काय करता? म्हणाल्या, "शिकतीय."

"काय शिकता?"

"गप बसायला. लई अवघड हाय गं. बसलं की आधी मलाच माजा आवाज ऐकू येतो. कशी बोलले, कोण रडलं. ते समदं थांबायला उशीर लागतो."

आठ-दहा दिवसांनी भाकऱ्या थापता थापता त्या आपण होऊन म्हणाल्या, "सुमन, मी इतकी वर्सं देवाला बातम्या सांगत हुते. त्याला काय माज्याकडनं चाळीची बातमी कळायची हुती? त्याला मला काय सांगायचं हुतं, ते कवा ऐकलंच न्हाई." मला त्यांची दया आली, आणि दया आली याचं मलाच नवल वाटलं.

मार्चची सुरुवात असेल. पहाटे चुलीपाशी बसलेल्या सासूबाई एकदम मोठ्यानं हसल्या. मी दचकून उठले. हेही उठले.

"काय झालं, आई?"

"रोज म्हणती हुते मनात, देवा, तिच्या हातची भाकर खायला कुणाला तरी धाड. नाव घेत न्हवते हां, नुसतं 'ती' म्हणायची. आज म्हणता म्हणता मलाच ऐकू आलं. अरं, मला बी तोंड हाय की!"

तोंड धुतलं आणि थेट शालनबाईच्या दारात. दोन डबे पाहिजेत, म्हणाल्या. एक सोनबाचा, एक माझा, गिऱ्हाइकाला देतेस तसाच. शालनबाई म्हणाली, मला भीक नको. सासूबाई म्हणाल्या, "भीक घालायला मी कोण? मी जेवण मागतीय." शालनबाईनं आत जाऊन चूल पेटवली. पाडवा जवळ येत होता, तिलाही नाही म्हणणं परवडणारं नव्हतं.

आता माझा अपमान बघा. यांचा डबा म्हणजे माझं राज्य. चाळीत कुणी विचारलं असतं, काय हो, सूनबाईला स्वयंपाक येत नाही का, तर मी काय सांगणार होते? सांगायलाही मनाई! मी दोन दिवस फुरंगटून बसले. तिसऱ्या दिवशी कळलं की सासूबाई आपला डबा घरी खातच नाहीत. दुपारी डोक्यावर पदर घेऊन रुळाच्या कडेनं पिंपरीपर्यंत चालत जातात. कारखान्याच्या फाटकाबाहेर कडुनिंबाचं झाड होतं, जेवणाच्या सुट्टीत तिथे माणसं पंगत धरून बसत. त्या पंगतीसमोर बसून, डबा उघडून, सासूबाई सावकाश जेवतात आणि परत चालत येतात. गुडघे दुखत होते, ऊन तापत होतं.

मी म्हटलं, "आत्याबाई, आधी प्रार्थना दाखवत होतात, आता जेवण दाखवता का?"

मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "दाखवतीच हाय. माज्या तोंडानं पसरवलं, आता त्याच तोंडानं जेवून दाखवती. मला बोलायला मनाई हाय, जेवायला न्हाई."

पंगतीत त्यांची थट्टा सुरू झाली. "मावशे, सून उपाशी ठेवती काय?" कुणी विचारलं, रोज एवढं चालत का येता. त्या म्हणत, "भूक लागती." एवढंच. ज्या बाईला गुडघ्याचं दुखणंसुद्धा देवाला डावा-उजवा करून सांगायची सवय, ती दोन शब्दांवर थांबायची. यांनी मला नंतर सांगितलं की आईला असं गप्प बसलेलं त्यांना बघवत नसे. पण तेही शेजारी बसून तोच डबा खात राहिले.

कोंडाजी पहिल्या दिवसापासून लांब बसायचा. डबा कुणाचा ते त्यानं ओळखलं होतं. भाकरीची घडी घालायची शालनबाईची एक तऱ्हा होती. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात एकदा तो उठून समोर येऊन उभा राहिला.

"म्हातारे, तुला मरायचं भ्या न्हाई का गं?"

सासूबाईंनी वर बघितलं. त्यांना किती बोलायचं होतं ते मला ठाऊक आहे. तो माणूस तिथे नाही, दहा-अकरा महिने नाही, तुझ्या भावाचं मला दुःख आहे, सगळं जिभेवर आलं असेल. त्यांनी शब्द गिळला. तोंडात घास होता तो चावून संपवला. भाकरीचा चतकोर मोडून त्यावर वांग्याची भाजी घेतली आणि हात पुढे केला.

कोंडाजी तसाच उभा राहिला. भोंगा व्हायची वेळ झाली, बाकीची माणसं उठून हात झटकायला लागली, तरी सासूबाईंनी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यानं खाली बसून तो चतकोर घेतला आणि खाल्ला. डोळे पुसले. "मिरची लई टाकती ती पहिल्यापासून," म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शालनबाईच्या दारात आपला रिकामा डबा नेऊन ठेवला. त्याच्यामागून दोघे आले, पाडव्यानंतर आणखी पाच. सगळे चौदा कधीच परत आले नाहीत. पण खोली राहिली आणि दवाखान्याच्या वाऱ्या राहिल्या. ज्योतीराम पुढच्या नाताळात घरी आला, निम्मा होऊन, पण आपल्या पायांनी.

सासूबाई एप्रिल संपेपर्यंत फाटकाशी जात राहिल्या. आता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, तिनं अजून पुरे म्हटलेलं नाही. एके दिवशी शालनबाईच तिथे गेली. आपला डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसली. दोघी जेवल्या, आणि मग शालनबाई बराच वेळ खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती, रडतही होती, असं यांनी लांबून पाहिलं. घरी आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? सासूबाई पाय धुवत म्हणाल्या, "ते तिचं हाय." मी चार दिवस वेगवेगळ्या वाटांनी विचारलं. चहात जास्त साखर घालून विचारलं. नाही म्हणजे नाही. मे महिन्यात पाळकसाहेब आले तेव्हा दोघी शेजारी बसल्या आणि सासूबाईंनी ताट घेतलं.

त्याच आठवड्यात दुपारी भांडी घासताना मी त्यांना एक गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी मी महिनाभर माहेरी होते, तेव्हा माझं मूल तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. सासरी मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. कळलं असतं तर पुढच्या शुक्रवारी माझी कूस सगळ्या आकुर्डीपुढे मांडली गेली असती. आता पुन्हा दिवस जाऊन दोन महिने झाले होते आणि मला रात्रंदिवस भीती वाटत होती. हे सगळं मी खाली मान घालून, राखेनं एकच तांब्या घासत, सांगितलं. सासूबाईंनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. बाकीची भांडी त्यांनी घासली.

शुक्रवारी खोली भरली. शालनबाई आली होती. विनंत्या झाल्या, आणि सगळे पुन्हा सासूबाईंच्या मागे लागले, आज तरी. त्या उभ्या राहिल्या. भीती वाटली, का सांगितलं मी, असंही वाटलं.

"हे बापा," त्या म्हणाल्या, "हितं बसलेल्या समद्यांचं तुला ठावं हाय." मग थांबल्या. इतका वेळ थांबल्या की आकुर्डीचे लोक चुळबुळायला लागले. मी एकेक श्वास मोजत होते. माझं नाव आलं नाही. माझं नाव येणार नाही हे मला कळलं, आणि त्या गप्प उभ्या आहेत त्या कुणाकुणासाठी हेही कळलं. "आमेन," त्या म्हणाल्या.

आमेन म्हणताना माझा आवाज फुटला. शालनबाईनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळायचं ते कळलं असेल. तीही कुणाला काही बोलली नाही.